कॉलमवरची तारीख

दुसऱ्यांची घरं मोजण्यात मापाऱ्याची बावीस वर्षं गेली. मापारी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लग्न ठरलं तेव्हा मेव्हण्याने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "आमची ताई आता मापाऱ्याच्या घरी चालली, तिथे हसणंसुद्धा मोजूनमापून असेल," आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. कचेरीत त्याला व्हॅल्युअर म्हणत. कोणी घरासाठी कर्ज मागितलं की बँक या कचेरीला कळवायची. मग मापारी फीत घेऊन त्या घरी जायचा, खोल्या मोजायचा, भिंती बोटाच्या पेराने वाजवून बघायचा, फरशीवर काचेची गोटी सोडून उतार कुठे आहे ते पाहायचा आणि परत येऊन घराची किंमत लिहायचा. त्याने लिहिलेल्या किमतीवर बँक कर्ज किती द्यायचं ते ठरवी.

आणि त्याला स्वतःचं घर नव्हतं. हे ऐकून लोक हसत. सुरुवातीला तोही हसायचा. शहरातल्या किमती दर वर्षी चढत, आणि पुष्कळदा तो चढलेला आकडा दुपारी यानेच लिहिलेला असे. संध्याकाळी घरी येऊन तो बायकोला सांगे, "पाण्याच्या टाकीजवळच्या घरांचेही भाव आता वर गेले." बायको इस्पितळातल्या औषधांच्या काउंटरवर होती. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावून तिचे डोळे शिणलेले असत. ती चष्मा काढून म्हणे, "अहो, मग जरा कमी लिहायचं होतं." हा त्यांचा जुना विनोद होता. त्यातलं हसू कधीच उडून गेलं होतं, पण दुसरं काही बोलायला नसलं की तो अजून उपयोगी पडे.

सोळा वर्षांत त्यांनी सात घरं बदलली होती, सातही भाड्याची. प्रत्येक घरमालकाची एक अट ठरलेली असे, भिंतीला खिळा मारायचा नाही. लग्नातला मोठा फोटो त्यामुळे कायम कपाटाच्या मागे उभा असे, शिक्षा झाल्यासारखा. तीन खोके तर दुसऱ्या घरापासून उघडलेच नव्हते. त्यांत काय आहे हे आता दोघांनाही सांगता आलं नसतं. लेक चौदा वर्षांची झाली होती आणि इस्त्रीच्या घडीच्या फळीवर वह्या मांडून अभ्यास करत होती. कपडे इस्त्री करायचे झाले की भूगोल उचलावा लागे.

अशात सातव्या घरमालकाने निरोप दिला की घर विकायला काढलंय, मुलीची परीक्षा झाली की खाली करा. माणूस वाईट नव्हता. जाता जाता म्हणाला, "तुम्हीच घ्या की. तुम्हाला तर त्यातलं सगळं कळतं." मापाऱ्याला खरोखरच सगळं कळत होतं. त्या घराची किंमत आणि बँकेतली आपली बारा वर्षांची बचत, या दोन आकड्यांमध्ये किती पायऱ्या आहेत हे त्याला जिन्यासारखं स्पष्ट दिसत होतं.

एजंटाचा फोन आला तो याच दिवसांत. "एक जागा आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तिसरा मजला. लिफ्ट नाही. पण भाव ऐकाल तर 'मला फसवताय का' म्हणून विचाराल."

भाव खरंच तसा होता. त्या भागातल्या इतर घरांपेक्षा एक तृतीयांशाने कमी. मापाऱ्याने विचारलं, "का?"

"बँका नखरे करतात तिथे. काही तरी कागदाचं असेल. तुमची बँकेत ओळख आहे, तुम्हाला काय अवघड?"

रविवारी तिघंही एजंटाबरोबर गेली. चार मजली, साधी, नीटनेटकी इमारत होती. बाहेरून नुकताच रंग दिलेला. तिसऱ्या मजल्यावर ज्यांनी दार उघडलं ते सत्तरीचे गृहस्थ आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करत आले होते. एका खोलीत मांडणीभर उघडे रेडिओ होते, त्यांच्या पोटातल्या तारा बाहेर. "हे सगळे बोलतात बरं," ते लेकीला म्हणाले. "ऐकणारी माणसं गेली, म्हणून गप्प आहेत."

मापाऱ्याने सवयीने भिंती वाजवल्या, नळ सोडून पाहिले, खिडकीच्या चौकटीत नख खुपसलं, फरशीवर गोटी सोडली. गोटी सोडली तिथेच थांबली. रेडिओकाका कमरेवर हात ठेवून बघत होते. "इंजिनिअर का तुम्ही?"

"तसंच काहीसं," मापारी म्हणाला. आपला धंदा सांगितला की घरमालकांचे चेहरे बदलतात, हा त्याचा अनुभव होता. आणि मुळात तो स्वतःविषयी बोलायला लाजणारा माणूस.

बायको स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती. कशालाही हात न लावता नुसती उभी. काका तिला म्हणाले, "ताई, इथे खिळे आहेत तेवढे राहू देत ना? काढले तर गिलावा पडेल."

"राहू देत," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मापाऱ्याने वळून पाहिलं.

लेकीने मागच्या खोलीतला खिडकीचा कोनाडा धरला होता. तिथे बसून ती पाय हलवत होती, पाच-सहा वर्षांची असल्यासारखी.

चहा पिताना काकांनी हकिगत सांगितली. मुलगी दूरच्या गावी असते, तिच्याकडे जायचंय. तीन वर्षं झाली घर विकायला काढून. गिऱ्हाईक येतं, पसंत करतं, बँक नाही म्हणते. का, ते सांगत नाही. "तांत्रिक कारण, एवढंच. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून गच्ची नव्याने करून घेतली, म्हटलं गळतीचं असेल. मग रंग देऊन घेतला. आमची ही असताना एक चांगलं गिऱ्हाईक आलं होतं. तिला जिने होत नव्हते. हे विकून कुठे तरी तळमजल्यावर बघणार होतो. नाही झालं. शेवटचे आठ महिने ती या खोलीतून खाली उतरलीच नाही. उतरली ती…" ते थांबले आणि कप उचलून आत घेऊन गेले.

परत येऊन त्यांनी शब्द दिला, मागितलं त्याच भावात घर तुमचं. तीन आठवड्यांची मुदत. एजंटाने खिशातून कागद काढला, मापाऱ्याने त्यावर नाव लिहून सही केली, विसार दोन रविवारांनी द्यायचा ठरला.

घरी परतताना तिघंही बोलली नाहीत. आनंदाला दृष्ट लागू नये म्हणून माणसं गप्प राहतात तशी.

सोमवारी मापाऱ्याने कचेरीतल्या नोंदींत त्या इमारतीचा पत्ता शोधला. सहा अहवाल निघाले. सहावा उघडला, त्यात शेवटी एक वाक्य होतं: 'जिन्याखालच्या मीटरपेटीमागील कॉलमला तडा दिसतो, तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे इष्ट.' पाचव्यातही तेच, चौथ्यातही तेच. अक्षरन् अक्षर तेच.

या धंद्यात अशा वाक्याला छत्री म्हणतात. उद्या काही झालंच तर आपण सांगितलं होतं, असं दाखवायला ती उघडून ठेवायची. आणि एकदा कोणी उघडली की ती मिटायची कोणी? पुढच्या माणसाला आधीचा अहवाल मिळतो. तो वाक्य काढेल तर जबाबदारी त्याच्या गळ्यात. म्हणून तो ते उतरवून घेतो. त्याच्या पुढचाही तेच करतो. बँकेला वाटतं, सहा माणसांनी तडा पाहिला. खरं तर एकाने पाहिलेला असतो आणि पाच जणांनी वाचलेला.

मापाऱ्याने पहिला अहवाल उघडला. चार वर्षांपूर्वीचा, पहिल्या मजल्यावरच्या घराचा. खाली सही त्याचीच होती.

त्याला तो दिवस आठवला. म्हणजे, आठवला असं त्याला वाटलं. इतक्या दिवसांमधून एक दिवस वेगळा काढणं अवघडच. त्या दिवसातली सातवी जागा होती. पहिल्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांचं घर मोजून तो खाली उतरला तेव्हा मीटरपेटीमागे त्याला उभा तडा दिसला. खरं म्हणजे पिशवीतली छोटी हातोडी काढून गिलावा खरवडायचा आणि आत कॉलमला काही झालंय का, की नुसता वरचाच पापुद्रा फुटलाय, ते बघायचं. त्याला घाई होती. त्याने फक्त तड्याच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ मारली, शेजारी तारीख आणि नावाची दोन अक्षरं लिहिली. ही व्हॅल्युअर लोकांची जुनी पद्धत. पुढच्या वेळी तडा रेघेच्या पलीकडे गेला असेल तर वाढतोय, नसेल तर मेलेला आहे. पण पुढच्या वेळी तो गेला नाही. गेले ते दुसरे, आणि त्यांनी खाली वाकून पाहिलं नाही.

तो साहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग ते खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे ती जागा स्वस्त आहे ती तुमच्यामुळे."

"हो."

"आणि कर्ज मिळत नाही तेही तुमच्यामुळे."

"हो."

"माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यावा तर असा, नेम धरून." साहेब हसले. मग पुढे झुकले. "ऐका. बँकेतल्या माणसाला मी सांगतो. तुमच्या एकट्यापुरतं कर्ज खास बाब म्हणून होऊन जाईल. घर घ्या. सहा महिने जाऊ द्या. मग कॉलम तपासून घ्या, छत्री मिटा. घराची किंमत बसल्या जागी दीडपट."

"आणि आत्ताच मिटली तर?"

"आत्ता मिटलीत तर तो म्हातारा बाजारभाव मागेल. मागणारच. तुम्हाला झेपेल?" साहेबांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "देव देतो आणि कर्म नेतं, असं करू नका."

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती. लेक आत फळीवर लिहीत होती, तिच्या पेनाची करकर ऐकू येत होती.

"अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत?" बायको हळू आवाजात म्हणाली. "एक ओळ लिहिलीत. धंद्यात सगळेच लिहितात म्हणता ना?"

"त्या ओळीने त्यांचं घर विकलं गेलं नाही. त्यांची बायको…"

"ती आजारी होती. मी रोज आजारी माणसं बघते. घर विकलं असतं म्हणून ती जगली असती असं नाही."

"तळमजल्यावर तर राहिली असती."

तिने एक ताटली दोनदा पुसली. मग म्हणाली, "त्या ओळीमुळेच आपल्याला ते घर परवडतंय," आणि स्वतःच्याच तोंडून निघालेल्या वाक्याने दचकली.

भांडी लावून झाल्यावर तिने विचारलं, "काकांना त्यांनी मागितले तेवढे पैसे मिळतील ना? एक पै कमी नाही?"

"मागितले तेवढे."

"मग आपण फसवतोय कुठे त्यांना?"

कुठे, ते त्याला ठाऊक होतं. तिलाही होतं. पण तिने विचारलं ते उत्तरासाठी नव्हे, हे त्याला कळलं. सोळा वर्षं तिने कधी स्वतःसाठी हट्ट केला नव्हता. सामान बांधायचं झालं की सगळ्यात आधी तीच पदर खोचून उभी राहायची.

"घेऊ या," तो म्हणाला.

"घेऊ या," ती म्हणाली. "आणि हे बघा, पुढे तुम्हाला टोचायला लागलं तर एकट्याने टोचून घेऊ नका. माझंही त्यात अर्धं आहे. घर दोघांच्या नावावर होणार आहे ना?"

बुधवारी कामाच्या अधेमधे वेळ काढून तो त्या इमारतीत गेला. का गेला, असं कोणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, माझी मुलगी त्या कॉलमच्या वर झोपणार आहे, एकदा डोळ्यांनी बघून घेतो. तेवढंच कारण होतं. दुपारची वेळ होती, जिन्यात कोणी नव्हतं. मीटरपेटीमागे रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता, त्यामुळे तडा तसाच होता आणि त्याची पेन्सिलीची रेघही. तडा रेघेपाशीच थांबलेला होता. चार वर्षांत केसभरही पुढे सरकला नव्हता.

त्याने हातोडी काढली आणि हाताच्या पंज्याएवढा गिलावा खरवडला. आत कॉलम टणक होता. कसलाही डाग नाही, फट नाही, सळई फुगलेली नाही. कधी तरी पाइपाचा आकडा ठोकताना वरचा पापुद्रा फुटला होता, बस्स. त्याने घड्याळात पाहिलं नाही, पण दहा मिनिटंही लागली नव्हती.

त्याला हायसं वाटलं. पोटातून, खरंखुरं हायसं. आपलं घर मजबूत आहे. 'आपलं' हा शब्द त्याच्या मनात पहिल्यांदाच असा आपणहून आला. त्या भरात त्याने फुंकर मारून धूळ उडवली, कानामागची पेन्सिल घेतली आणि जुन्या तारखेच्या खाली त्या दिवसाची तारीख आणि नावाची दोन अक्षरं लिहिली. बावीस वर्षं हात हेच करत आला होता. तपासलं, की तारीख घालायची. आपण काय केलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. हातोडी पिशवीत टाकून तो पुढच्या जागेकडे गेला.

विसाराच्या रविवारी तिघंही जरा बरे कपडे घालून निघाली. लेकीने येताना फूटपट्टी घेतली होती. कोनाड्यात तिचं टेबल बसतं का ते बघायचं होतं. काकांनी दार उघडलं. आत आणखी एक बाई बसलेल्या होत्या, गळ्यात शिवणाची फीत, ती काढायची राहून गेलेली. टेबलावर एजंटाने आणलेला, मापाऱ्याच्या सहीचा कागद पडला होता.

"या पहिल्या मजल्यावरच्या टेलरबाई," काका म्हणाले. ते मापाऱ्याकडे बघत नव्हते. "बसा. ताई, तुम्हीही बसा."

टेलरबाई बसा म्हणाल्या नाहीत. "गुरुवारी माझ्याकडची वीज गेली. मी मीटर बघायला खाली गेले. तिथे भिंत खरवडलेली दिसली. खाली दोन तारखा लिहिल्यात. नवीन आहे ती बुधवारची. जुनी तारीख मी मरेपर्यंत विसरणार नाही, त्या दिवशी माझं घर मोजायला बँकेचा माणूस आला होता, आणि मग घरावर मागितलेलं कर्ज मला मिळालं नाही. पाणी मागितलं होतं त्याने. मी सरबत दिलं." त्यांनी कागदावरच्या सहीवर बोट ठेवलं. "दोन्ही तारखांपुढे हीच अक्षरं आहेत. ती तुमचीच ना?"

मापाऱ्याला नाही म्हणणं तसं अवघड नव्हतं. दोन अक्षरं कोणाचीही असू शकतात. बायको त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत नाही म्हणा असं नव्हतं आणि हो म्हणा असंही नव्हतं. ती फक्त दमलेली दिसत होती.

"माझीच," तो म्हणाला.

"त्या दिवशी काय लिहिलंत तुम्ही?"

त्याने सांगितलं. तडा, छत्री, सहा अहवाल, आणि बुधवारी काय दिसलं ते. एकदा बोलायला लागल्यावर त्याने काही लपवलं नाही, साहेबांचा सल्लासुद्धा सांगितला. बायकोने मान खाली घातली. लेक फूटपट्टी हातात धरून दाराशी उभी होती.

टेलरबाई उठल्या. "मी चार वर्षं देवाला विचारत होते माझं काय चुकलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला विचारायला हवं होतं." आणि त्या जिना उतरून गेल्या.

 काकांनी मांडणीवरचा एक रेडिओ जवळ ओढला, त्याची एक कळ उगाच फिरवली. मग म्हणाले, "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही ते खरवडून बघितलं असतंत, तर किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं," मापारी म्हणाला.

"दहा मिनिटं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मापाऱ्याला नंतर कित्येक दिवस वाटत राहिलं. काकांनी नुसतं, एखाद्या सुट्या भागाची किंमत ऐकावी तसं ते ऐकून घेतलं.

"मी शब्द दिला होता," थोड्या वेळाने ते पुढे म्हणाले. "शब्दाला मी अजून आहे. पण काल मुलीला फोनवर सांगून बसलो. ती म्हणते, बाबा, आईच्या वेळी आपण काय काय सोसलं, आता तरी बाजारभावाने विका. तिचीही दोन मुलं आहेत. तिला मी काय सांगू?"

"तिचं बरोबर आहे," हे बायको बोलली. ती उभी राहिली होती. "काका, तिला सांगा, तिचं बरोबर आहे."

"तुम्ही बाजारभावाने घेत असाल तर पहिला हक्क तुमचाच."

बायको हसली. कसं हसली ते सांगता येत नाही. "बाजारभाव आमचे हेच सांगतात, काका. आम्हाला पाठ आहे."

जिन्यात लेकीने विचारलं, "मग आपण घेतच नाही का?" आणि उत्तराची वाट न बघता ती पुढे धावत उतरून गेली आणि फाटकाबाहेर पाठ करून उभी राहिली. बायको त्या दिवशी मापाऱ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तारीख कशाला घातलीत हो?" मग तिनेच मान हलवली. "घालणारच तुम्ही. नसती घातली तर ते तुम्ही नव्हेतच," असं म्हणून ती कामावर गेली. हे ती रागाने म्हणाली की कौतुकाने, यावर त्याने दिवसभर विचार केला. बहुधा दोन्ही नसावं.

महिनाभरात इमारतीतल्या लोकांचा अर्ज बँकेत गेला आणि बँकेतून कचेरीत आला. साहेबांनी फाइल मापाऱ्याच्या टेबलावर ठेवली. "उघडलीत तुम्ही, मिटा तुम्हीच. दुसरं कोणी हात लावणार नाही." ते फारसे बोलत नव्हते हल्ली.

मापारी दोन दिवस त्या इमारतीत होता. एकूण एक कॉलम त्याने खरवडून पाहिला, गच्ची पाहिली, टाकी पाहिली. टेलरबाईंनी दार उघडलं, घर मोजू दिलं, पाणी विचारलं नाही. रेडिओकाकांकडे आता दुसरं गिऱ्हाईक होतं, एक नवं लग्न झालेलं जोडपं, मुलाच्या वडिलांनी निम्मे पैसे दिलेलं. त्या घराची किंमत मापाऱ्यालाच लिहायची होती. काका मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. मांडणी रिकामी झाली होती. मापाऱ्याने खोल्या मोजल्या, कोनाडा मोजला, स्वयंपाकघर मोजलं. "येतो काका," तो म्हणाला.

"या," काका म्हणाले. थोड्या वेळाने, तो जिन्याशी पोचल्यावर, त्यांनी आतून विचारलं, "पोरीची परीक्षा कशी गेली?"

"बरी गेली."

"बरं झालं."

संध्याकाळी कचेरी रिकामी होईपर्यंत तो अहवाल लिहीत बसला. कॉलममध्ये दोष नाही, हे त्याने तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलं, कोणाला चुकूनही चुकवता येऊ नये म्हणून. मग किमतीची जागा आली. थोडं हातचं राखून लिहायची त्याची रीत होती. बँकेला तेच आवडे. त्याने ते केलं नाही. शेजारच्या इमारतींचे चालू भाव पुन्हा एकदा ताडून पाहिले आणि पूर्ण आकडा घातला. तो आकडा लिहिताना त्याला सवयीने स्वतःची बचत आठवली, आणि दोन्हींमधलं अंतर त्याने मनात मोजून टाकलं. बचत तीच होती. अंतर मात्र त्याच्या हाताखालीच वाढलं होतं.

घरी बायकोने सामान बांधायला काढलं होतं. आठवं भाड्याचं घर शहराच्या पार टोकाला मिळालं होतं. तिथून लेकीची शाळा दीड तास. तीन न उघडलेले खोके सगळ्यात वर बसले होते. लेक भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

"झालं लिहून?" बायकोने विचारलं.

"झालं."

"किती लिहिलंत?"

त्याने आकडा सांगितला. हातातली दोरी तिने तशीच धरून ठेवली. क्षणभर त्याला वाटलं, आता ती तो जुना विनोद करेल.

"बरोबर लिहिलंत ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग जेवून घ्या," ती म्हणाली. "पातेलंही बांधायचंय."